अ‍ॅश ब्लॉसम: तीन ओळींचं कार्ड, आणि ते नेमकं कुठे टाकायचं

यु-गि-ओ या कार्डांच्या खेळाचा पहिला डेक, म्हणजे स्वतःचा कार्डांचा संच, बांधून झाला की लगेच प्रश्न येतो: अ‍ॅश घ्यावं का, आणि घेतलं तर किती? उत्तर आधीच देऊन टाकतो. घ्यावं, तीनच्या तीन घ्यावीत, आणि सगळ्यात साध्या छपाईची घ्यावीत. पण संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा क्लासच्या होस्टेलवर चार पोरं डेक घेऊन बसली की जितके वाद होतात, त्यातले बरेच याच कार्डावरून होतात. "याला अ‍ॅश चालतं की नाही?" हा एकच प्रश्न. म्हणून हे परीक्षण कार्ड किती भारी आहे हे सांगण्यापेक्षा ते चालतं कसं आणि फसतं कुठे, यावर जास्त आहे.

पूर्ण नाव अ‍ॅश ब्लॉसम अँड जॉयस स्प्रिंग. जपानीत हारू उरारा. जपानमध्ये जानेवारी 2017 मध्ये मॅक्झिमम क्रायसिस या सेटमधून आलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजीत. लेव्हल 3, फायर, झॉम्बी, ट्यूनर. अटॅक 0, डिफेन्स 1800. नुसते आकडे बघितले तर कुणी डेकमध्ये ठेवणार नाही. पण हे कार्ड मैदानावर उतरवायचं नाहीच. हातात धरून बसायचं आणि समोरच्याच्या पाळीत हातातूनच टाकायचं. अशा कार्डांना खेळाडू हँड ट्रॅप म्हणतात. छापील प्रकार मॉन्स्टरचा, काम ट्रॅपचं, आणि ट्रॅपसारखं आधी पालथं ठेवून पुढच्या पाळीची वाट बघायची गरज नाही. दुसऱ्या क्रमांकाने खेळणाऱ्याला पहिल्याच पाळीत समोरच्याला अडवता येतं, ते याच कारणाने.

कार्डावरचा मजकूर साध्या मराठीत असा होतो. एखादं कार्ड किंवा इफेक्ट अ‍ॅक्टिव्हेट झाला आणि त्यात पुढच्या तीनपैकी कुठलीही गोष्ट असली, की हे कार्ड हातातून डिस्कार्ड करून, म्हणजे टाकून, तो इफेक्ट निगेट, म्हणजे रद्द, करता येतो. पहिली गोष्ट, डेकमधून हातात कार्ड घेणं. दुसरी, डेकमधून स्पेशल समन करणं, म्हणजे मॉन्स्टर थेट मैदानावर उतरवणं. तिसरी, डेकमधून ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरलेल्या कार्डांच्या ढिगात, कार्ड पाठवणं. आणि शेवटी अट: अ‍ॅश ब्लॉसमचा हा इफेक्ट एका टर्नमध्ये एकदाच.

तिन्ही ओळींत समान शब्द एकच आहे, डेक. कार्ड कुठून निघतंय आणि कुठे जातंय, या दोनच टोकांकडे बघायचं. निघतंय डेकमधून आणि जातंय हातात, मैदानावर किंवा ग्रेव्हयार्डमध्ये, तर अ‍ॅश चालतं. दोनपैकी एक टोक बदललं तर चालत नाही. समोर काय आहे, स्पेल आहे, ट्रॅप आहे की मॉन्स्टर, तो मैदानावर आहे, हातात आहे की ग्रेव्हयार्डमधून बोलतोय, याने काहीच फरक पडत नाही.

आता उदाहरणं. रीइन्फोर्समेंट ऑफ द आर्मी डेकमधून लेव्हल 4 किंवा त्याखालचा वॉरियर हातात देतं, अ‍ॅश चालतं. फूलिश बरियल डेकमधून मॉन्स्टर ग्रेव्हयार्डमध्ये पाठवतं, चालतं. पॉट ऑफ डिझायर्स दोन कार्डं ओढायला देतं. ओढणं म्हणजेही डेकमधून हातात घेणंच, म्हणून तिथेही चालतं. इथे बरेच नवे खेळाडू चुकतात, कारण मजकुरात "ड्रॉ" असा शब्द दिसला की त्यांना वाटतं ही वेगळी गोष्ट आहे. फक्त ड्रॉ फेजमध्ये, म्हणजे पाळीच्या सुरुवातीला, नियमाने जे एक कार्ड ओढतात त्याला अ‍ॅश लागत नाही, कारण तो कुठल्या कार्डाचा इफेक्टच नाही.

न चालणारी यादी जास्त महत्त्वाची. गोल्ड सारकोफॅगस डेकमधून कार्ड बॅनिश करतं, म्हणजे खेळाबाहेर काढतं, आणि नंतर ते बॅनिश झालेल्या ठिकाणाहून हातात येतं. डेक ते हात असा सरळ प्रवास कुठेच नाही, म्हणून अ‍ॅश चालत नाही. डार्क मॅजिशियनच्या डेकमधलं सोल सर्व्हंट कार्ड घेऊन डेकच्याच वर ठेवतं. ठेवताना चालत नाही. लेडी लॅब्रिंथ डेकमधून नॉर्मल ट्रॅप थेट मैदानावर पालथा सेट करते. सेट करणं म्हणजे समन नव्हे आणि हातात घेणंही नव्हे, म्हणून चालत नाही. आणि सगळ्यात जास्त वाद होतो तो पॉलिमरायझेशनवरून, म्हणजे मॉन्स्टर एकत्र करून एक्स्ट्रा डेकमधला फ्यूजन मॉन्स्टर आणणाऱ्या स्पेलवरून. एक्स्ट्रा डेकमधून मॉन्स्टर आला, मग डेकमधूनच आला की, असं म्हणणारे भेटतात. नाही. कार्डावर नुसतं "डेक" लिहिलेलं असतं तेव्हा मुख्य डेकच समजायचा, 40 ते 60 कार्डांचा. 15 कार्डांचा एक्स्ट्रा डेक वेगळा. साध्या पॉलिमरायझेशनला अ‍ॅश टाकता येत नाही.

इथून पुढे खर्चाचा मुद्दा. 2011 पासून कार्डांवरचा मजकूर ठरलेल्या साच्यात छापतात. कोलनच्या आधी, कधी अ‍ॅक्टिव्हेट करता येईल ते. कोलन आणि अर्धविराम यांच्यामध्ये, अ‍ॅक्टिव्हेट करतानाच जे करावं लागतं ते, म्हणजे खर्च किंवा टार्गेट निवडणं. अर्धविरामाच्या नंतर खरा इफेक्ट, जो चेन, म्हणजे एकमेकांना उत्तर म्हणून लागलेल्या इफेक्टांची साखळी, सुटताना घडतो. अ‍ॅश फक्त अर्धविरामानंतरचा भाग मारतं. आधीचा खर्च परत मिळत नाही. मराठवाड्यात हे समजावून सांगायला लागू नये: पेरणी केली आणि पावसाने ताण दिला, तर मातीत गेलेलं बियाणं पुन्हा पोत्यात येत नाही.

म्हणून खर्चाच्या कार्डांवर अ‍ॅश सगळ्यात जास्त कमाई करतं. ब्ल्यू-आइज डेकमधलं द मेलडी ऑफ अवेकनिंग ड्रॅगन घ्या. आधी हातातलं एक कार्ड डिस्कार्ड करायचं, मग डेकमधून 3000 किंवा जास्त अटॅक आणि 2500 किंवा कमी डिफेन्स असलेले दोनपर्यंत ड्रॅगन घ्यायचे. त्यावर अ‍ॅश पडलं की समोरच्याचं मेलडी गेलं, डिस्कार्ड केलेलं कार्ड गेलं, आणि हातात काही आलं नाही. तुमचं एक गेलं, त्याची दोन. ट्रेड-इनचंही तसंच, तिथे लेव्हल 8 मॉन्स्टर डिस्कार्ड करून दोन ओढतात. पॉट ऑफ डिझायर्सवर तर याहून मोठा फटका: डेकच्या वरची 10 कार्डं पालथी बॅनिश होऊन गेलेली असतात, आणि अ‍ॅशमुळे दोनही हातात येत नाहीत.

एक सावधगिरी. मेलडीसाठी समोरच्याने द व्हाइट स्टोन ऑफ लेजंड डिस्कार्ड केला असेल, तर ही चेन संपल्यावर तो स्वतंत्रपणे बोलतो आणि डेकमधून एक ब्ल्यू-आइज व्हाइट ड्रॅगन हातात देतो. तुमचं अ‍ॅश मेलडीवर खर्च झालेलं असतं. म्हणून खर्च म्हणून काय टाकलं ते आधी बघा, कार्ड उलटून विचारा, मग ठरवा. ग्रेव्हयार्ड ही उघडी माहिती आहे, समोरच्याचं ग्रेव्हयार्ड बघायचा तुम्हाला हक्क आहे.

उलट, डेकमधून ग्रेव्हयार्डमध्ये जाणं हाच खर्च असेल तर तेवढ्यासाठी अ‍ॅश चालत नाही. लाइटस्वॉर्न डेकमधलं चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड वरची तीन कार्डं खर्च म्हणून ग्रेव्हयार्डमध्ये पाठवतं आणि मग मॉन्स्टर शोधतं. त्यातल्या शोधण्यामुळे अ‍ॅश टाकता येतं, पण ती तीन कार्डं आधीच खाली गेलेली असतात, आणि लाइटस्वॉर्नवाल्याला बऱ्याचदा तीच हवी असतात. इथे अ‍ॅश टाकून अर्धंच काम होतं.

दुसरा बारीक पण फार उपयोगाचा मुद्दा म्हणजे अ‍ॅश अ‍ॅक्टिव्हेशन निगेट करत नाही, फक्त इफेक्ट निगेट करतं. याचे दोन परिणाम होतात.

एक परिणाम तुमच्या विरोधात जातो. कार्ड नष्ट होत नाही. डार्क मॅजिकल सर्कल हे कंटिन्युअस (मैदानावर टिकून राहणारं) स्पेल अ‍ॅक्टिव्हेट होताना डेकमधली वरची तीन कार्डं बघून एखादं हातात घेऊ देतं. अ‍ॅश टाकलं तर ते बघणं-घेणं थांबतं, पण स्पेल मैदानावर तसंच राहतं आणि पुढे डार्क मॅजिशियन समन झाला की तुमचं कार्ड बॅनिश करायला मोकळं असतं. बऱ्याच जणांना वाटतं अ‍ॅश टाकलं म्हणजे विषय संपला. तिथे विषय संपत नाही, स्पेल उचलायला वेगळं कार्ड लागतं.

दुसरा परिणाम तुमच्या बाजूने. अ‍ॅक्टिव्हेशन झालेलं धरलं जातं, म्हणून "टर्नमध्ये एकदाच अ‍ॅक्टिव्हेट करता येईल" असं ज्या कार्डावर लिहिलंय त्याची ती एक संधी संपते. ब्रँडेड फ्यूजन हे याचं ठळक उदाहरण. ते हातातून, मैदानावरून किंवा डेकमधून दोन मॉन्स्टर वापरून फ्यूजन करू देतं. डेकमधून ग्रेव्हयार्डमध्ये जायची शक्यता असल्यामुळे अ‍ॅश चालतं. अ‍ॅश पडलं की फ्यूजन नाही. हातात दुसरं ब्रँडेड फ्यूजन असलं तरी त्या टर्नमध्ये अ‍ॅक्टिव्हेट करता येत नाही. आणि वर, ते अ‍ॅक्टिव्हेट केलेल्या टर्नमध्ये एक्स्ट्रा डेकमधून फ्यूजनशिवाय काही समन करता येत नाही, ही अट डोक्यावर राहतेच. फायदा मिळाला नाही आणि बंधन मात्र लागलं. एका कार्डात एवढं नुकसान करणारी जागा दुसरी क्वचितच मिळते.

आता चेन. अ‍ॅश क्विक इफेक्ट आहे, म्हणजे स्पेल स्पीड 2 (इफेक्टचा वेग; कमी वेगाच्या इफेक्टने जास्त वेगाला उत्तर देता येत नाही). त्यामुळे काउंटर ट्रॅपवर ते कधीच टाकता येत नाही, त्याचा स्पीड 3. आणि अ‍ॅश टाकायचं ते थेट त्या इफेक्टच्या पाठोपाठ, मधे दुसरी कडी येता कामा नये. समजा समोरच्याने मेलडी अ‍ॅक्टिव्हेट केलं, ही चेन लिंक 1. तुम्ही अ‍ॅश टाकलं, लिंक 2. त्याने कॉल्ड बाय द ग्रेव्ह टाकून तुमच्या ग्रेव्हयार्डमधल्या अ‍ॅशला टार्गेट केलं, लिंक 3. चेन शेवटून सुटते. आधी लिंक 3: अ‍ॅश बॅनिश होतं आणि त्याचा इफेक्ट निगेट होतो. मग लिंक 2: काही घडत नाही. मग लिंक 1: समोरच्याला दोन ड्रॅगन मिळतात. अ‍ॅश डिस्कार्ड करणं हा खर्च होता, त्यामुळे ते परत येत नाही. शिवाय कॉल्ड बायचा परिणाम पुढच्या टर्नच्या शेवटपर्यंत राहतो. तोवर हातात दुसरं अ‍ॅश असलं तरी निरुपयोगी. आणि तो नसता तरी "टर्नमध्ये एकदाच वापरता येईल" ही अट नावावर आहे, त्यामुळे त्या टर्नमध्ये दुसरं अ‍ॅश चाललंच नसतं.

मुरलेला खेळाडू अ‍ॅशला बगल देतो ती चेन ब्लॉक करून. एकाच वेळी त्याचे दोन ट्रिगर इफेक्ट (काही घडलं की लागणारे) लागले तर शोधणारा इफेक्ट लिंक 1 वर आणि निरुपद्रवी इफेक्ट लिंक 2 वर ठेवतो. तुम्हाला उत्तर देता येतं फक्त शेवटच्या कडीला. तिला अ‍ॅश लागत नाही, आणि खालच्या कडीपर्यंत हात पोहोचत नाही. सांगन हे जुनं कार्ड यात आपोआप सुरक्षित होतं: त्याचा इफेक्ट अनिवार्य आहे, अनिवार्य ट्रिगर चेनमध्ये ऐच्छिकांच्या आधी लागतात, म्हणून सोबत दुसरा ऐच्छिक ट्रिगर असला की सांगन खाली जाऊन बसतं. यावर इलाज एकच. समोरचा दोन मॉन्स्टर एकदम ग्रेव्हयार्डमध्ये पाठवणार असं दिसलं की त्याआधीच्या पायरीवर अ‍ॅश टाकायला जागा आहे का ते शोधायचं.

आता मुख्य गोष्ट, टाकायचं कुठे. नव्या खेळाडूची ठरलेली चूक म्हणजे पहिलंच शोधणारं कार्ड दिसलं की अ‍ॅश टाकणं. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. एका रस्त्यावर बॅरिकेड लावलं तर लोक पंधरा रस्त्यांनी आत येतात. चांगला डेकही तसाच असतो: सुरुवातीला पाच-सात कार्डं अशी, की त्यातलं कुठलंही एक हातात असलं तरी चालतं, आणि ती सगळी एका ठरलेल्या कार्डापाशी येऊन मिळतात. अ‍ॅश त्या ठरलेल्या कार्डावर टाकायचं. ब्रँडेड डेकमध्ये अल्यूबर हा मॉन्स्टर समन होऊन ब्रँडेड स्पेल शोधायला लागला की हात शिवशिवतात, पण ब्रँडेड फ्यूजन त्याच्या हातात आधीच असेल तर अल्यूबर अडवून तुम्ही काहीच अडवलं नाही. थांबा. फ्यूजनवर टाका.

पण याला अपवाद आहे आणि तो खेळतानाच ओळखावा लागतो. समोरच्याने हातातली दोन-तीन कार्डं आधीच पालथी ठेवली, नॉर्मल समन (हातातून मॉन्स्टर उतरवण्याची पाळीतली नेहमीची एक संधी) खर्च केला, आणि आता एकच शोधणारा इफेक्ट लावतोय, तर बहुधा तेच त्याचं शेवटचं साधन. तिथे थांबण्यात अर्थ नाही. म्हणून अ‍ॅश टाकायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. त्याचा नॉर्मल समन झालाय का? हातात किती कार्डं उरलीत? आणि जे शोधतोय ते टर्नमध्ये एकदाच चालणारं आहे का? नॉर्मल समन गेला, हातात एक-दोन कार्डं, आणि इफेक्ट एकदाच चालणारा: लगेच टाका. नॉर्मल समन शिल्लक आणि हातात चार कार्डं: शक्यतो धरून ठेवा.

समोरचा डेक अनोळखी असला तर? अशा वेळी एक कामचलाऊ नियम बरा पडतो. एकाला एक देणाऱ्या कार्डावर टाकू नका, एकाला दोन देणाऱ्यावर किंवा डेकमधून थेट मैदानावर उतरवणाऱ्यावर टाका. स्काय स्ट्रायकर डेकमधलं एंगेज हातात एक कार्ड देतं, पण ग्रेव्हयार्डमध्ये तीन स्पेल असली की वर एक ओढूही देतं. तीन स्पेल भरायच्या आधीचं एंगेज आणि नंतरचं एंगेज यांत मोठा फरक आहे. दुसऱ्यावर टाकलेलं अ‍ॅश दोन कार्डं वाचवतं.

संख्येचा हिशोब मांडून ठेवतो, कारण "तीन कशाला, दोन पुरे" असं सर्रास ऐकू येतं. 40 कार्डांच्या डेकमध्ये 3 अ‍ॅश असतील तर सुरुवातीच्या 5 कार्डांत निदान एक येण्याची शक्यता 33.8 टक्के. दोनच ठेवली तर 23.7 टक्के, एक ठेवलं तर 12.5. तीन ठेवल्यावर सुरुवातीलाच दोन किंवा तीन हातात येऊन अडकण्याची शक्यता 3.6 टक्के, म्हणजे भीती वाटते तेवढी नाही. डेक 60 चा केला तर तीन असूनही पहिला आकडा 23.3 वर येतो. आणि लक्षात ठेवा, दुसऱ्या क्रमांकाने खेळणाऱ्याला सहावं कार्ड मिळतं ते स्वतःच्या पाळीत. समोरच्याच्या पहिल्या पाळीत त्याच्याकडे पाचच असतात, म्हणून हिशोब पाचचाच करायचा.

कमतरता. अ‍ॅश समोरच्याच्या तयार झालेल्या मैदानाला काहीच करत नाही. मोठा मॉन्स्टर बसून झाला की ते हातात नुसतं पडून राहतं. डेक न खोदणाऱ्या, म्हणजे हातातूनच आणि ग्रेव्हयार्डमधूनच चालणाऱ्या डेकसमोर ते जवळपास मृत पान. एकदा लागू झालेल्या परिणामालाही ते अडवू शकत नाही: मॅक्स सी अ‍ॅक्टिव्हेट होताना अ‍ॅश टाकता येतं, पण एकदा मॅक्स सी सुटलं की मग प्रत्येक स्पेशल समनमागे ओढल्या जाणाऱ्या कार्डांना अडवता येत नाही, कारण ते ओढणं नवी चेन सुरू करत नाही. इंग्रजी छापील स्पर्धांत मॅक्स सी बंदी असलेलं कार्ड आहे. मोबाइलवरच्या मास्टर ड्यूएलमध्ये मात्र गाठ पडते, आणि तिथे अ‍ॅश बऱ्याचदा त्याच्यासाठीच राखून ठेवावं लागतं.

जोडीच्या कार्डांशी तुलना थोडक्यात. इफेक्ट व्हेलर मैदानावरचा मॉन्स्टर गप्प करतं, पण फक्त समोरच्याच्या मेन फेजमध्ये, म्हणजे त्याच्या पाळीच्या मुख्य टप्प्यात. इन्फिनिट इम्पर्मनन्स हा ट्रॅप तुमचं मैदान रिकामं असेल तर हातातून टाकता येतो. घोस्ट ओगर मैदानावरचं कार्ड फोडतं पण इफेक्ट निगेट करत नाही. ड्रोल अँड लॉक बर्ड पहिलं शोधकार्य होऊ देतं आणि मग त्या टर्नपुरतं मुख्य डेकमधून हातात घेणं दोघांनाही बंद करतं. अ‍ॅशचा एक छुपा फायदा यांच्यातल्या काहींकडे नाही. व्हेलर आणि मॅक्स सी यांच्या मजकुरात "ग्रेव्हयार्डमध्ये पाठवा" असं आहे, अ‍ॅशच्या मजकुरात "डिस्कार्ड करा". मॅक्रो कॉसमॉस किंवा डायमेन्शनल फिशर मैदानावर असताना कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये जातच नाही, म्हणून व्हेलर आणि मॅक्स सी टाकता येत नाहीत. अ‍ॅश टाकता येतं, ते फक्त बॅनिश होतं. एका शब्दाचा फरक, आणि त्यावर सामना फिरतो.

अडचणीत मैदानावर उतरवलं तर लेव्हल 3 ट्यूनर म्हणून सिंक्रोला (ट्यूनर आणि इतर मॉन्स्टरांच्या लेव्हलची बेरीज करून एक्स्ट्रा डेकमधला मॉन्स्टर आणायला) उपयोगी पडतं, लेव्हल 5 सोबत 8 होतात. सांगन अटॅक 1500 पर्यंतचा मॉन्स्टर शोधतं, त्यात अ‍ॅश बसतं. त्या टर्नमध्ये वापरता येत नाही, पण तुम्हाला ते समोरच्याच्या टर्नमध्येच हवं असतं, त्यामुळे काही बिघडत नाही.

मास्टर ड्यूएलमध्ये, जो जानेवारी 2022 पासून फुकट खेळता येतो, अ‍ॅश यूआर, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ, दर्जाचं आहे. बनवायला एकाला 30 यूआर पॉइंट, तिघांना 90. साधं यूआर मोडलं तर 10 च परत मिळतात, म्हणून आकर्षक दिसणाऱ्या यूआर मॉन्स्टरांवर पॉइंट उडवण्याआधी ही तीन बनवा, ती जवळपास प्रत्येक डेकमध्ये बसतात. तिथे एक सेटिंग सांभाळा: अ‍ॅक्टिव्हेशन ऑटोवर असताना अ‍ॅश लागू होईल तिथेच खेळ थबकतो, आणि समोरच्याला त्या थबकण्यावरूनच कळतं की तुमच्या हातात काय आहे. अधूनमधून सेटिंग ऑनवर ठेवून बाकीच्या वेळीही थांबत जा.

छापील घ्यायचं तर. पहिल्या छपाईचं, एमएसीआर-ईएन036 कोडचं सीक्रेट रेअर हौसेसाठी ठीक. खेळायला 2019 च्या सोलबर्नर स्ट्रक्चर डेकमधलं कॉमन पुरेसं आहे; इफेक्ट तोच, नियमांत फरक शून्य. 2023 च्या 25 व्या वर्धापनदिनाच्या रेअरिटी कलेक्शनमध्येही ते अनेक फिनिशमध्ये आलं.

स्टेशनरीच्या दुकानात टांगलेल्या पाकिटांतून लेकरांना जी कार्डं मिळतात, ती बहुतेक नकली असतात, आणि स्पर्धेत चालत नाहीत. खेळायला शिकायला हरकत नाही, पण त्यांवरच्या मजकुरावर विसंबू नका. एक अर्धविराम चुकीचा छापला तरी इफेक्ट बदलतो. खरं ओळखायला कार्ड हातात तिरकं धरा. उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकोनी चमकता शिक्का हवा, पहिल्या आवृत्तीवर सोनेरी, नंतरच्यांवर चंदेरी. डाव्या खालच्या कोपऱ्यात आठ आकडे, अ‍ॅशचे 14558127. चित्राच्या खाली उजवीकडे सेटचा कोड. खाली हक्कांची ओळ; जुन्या छपाईवर तिच्यात 1996 आणि काझुकी ताकाहाशी यांचं नाव असतं, नव्या छपाईवर मजकूर वेगळा. चारपैकी एक जरी नसेल किंवा अक्षरं फुगल्यासारखी दिसत असतील तर पैसे देऊ नका.

कार्डाचं माप 59 बाय 86 मिलिमीटर. स्लीव्ह 62 बाय 89 ची, जपानी मापाची मागा. मोठ्या 66 बाय 91 च्या स्लीव्हमध्ये कार्ड खुळखुळतं आणि कोपरे झिजतात. फॉइलवाली आवृत्ती घेतली तर आपल्याकडच्या हवेचा विचार करा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात कार्डाचा कागद आकसतो, वरचा फॉइलचा थर आकसत नाही, आणि कार्ड मागच्या बाजूला वाकून चेहरा फुगतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन उलट वाकतं. डबा पत्र्याच्या कपाटात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, स्लीव्हमध्ये घालून डेक दाबून बसणाऱ्या डब्यात उभा ठेवा. आणि तिन्ही अ‍ॅश एकाच फिनिशची घ्या. दोन साधी आणि एक वाकलेलं फॉइल असलं तर पिसताना ते बोटाला कळतं, आणि स्पर्धेत परीक्षक ते खुणेचं कार्ड धरू शकतात.